रोज वचन मिळतं, पण जाऊ की राहू हे कळत नाही

वाचक भगिनीचं पत्र (नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळून, थोडक्यात)

मी नाशिकरोड भागात राहते, खासगी हॉस्पिटलात नर्स आहे. मिस्टर अंबडच्या कंपनीत शिफ्टमध्ये, मुलगा सहावीत. सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. काठी घेऊन चालतात, पण अंघोळीला हात द्यावा लागतो. घराचं कर्ज आहे. फेब्रुवारीत मला मस्कतच्या एका हॉस्पिटलातून बोलावणं आलं. दोन वर्षांचा करार, पगार इथल्या तिपटीच्या वर. महिनाभरात कळवायचंय आणि त्यातले पंधरा दिवस गेलेसुद्धा.

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत मला वर्षभरासाठी बायबलमधल्या वचनाचं जे कार्ड मिळालं त्यावर यहोशवा १:९ होतं. तू जाशील तिथे देव तुझ्याबरोबर असेल. ऑफर आली तेव्हा वाटलं, देवानं आधीच सांगून ठेवलं होतं. पण आठवडाभरात शांत वेळेत, म्हणजे रोजच्या वाचन-प्रार्थनेत, रूथचं वचन समोर आलं. तुम्ही जाल तिथे मी येईन, राहाल तिथे राहीन. सुनेनं सासूला म्हटलेलं! मी रडले. तेव्हापासून रोज पहाटे प्रार्थना करून शास्त्र (बायबल) मधूनच कुठेही उघडते. एक दिवस ‘जा’ निघतं, दुसऱ्या दिवशी ‘थांब’. मोबाईलवर ग्रुपमध्ये येणारी वचनं आणखी वेगळीच. मिस्टर म्हणतात, “तू प्रार्थना कर, देव तुला सांगेल तसं करू.” महिला मंडळातल्या एक बाई म्हणाल्या, “उत्तर येत नाही म्हणजे तुझ्या जीवनात काहीतरी आड येतंय.” आता शास्त्र उघडायचीच भीती वाटते. देवाची इच्छा ओळखायची तरी कशी?

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला मस्कतपेक्षा मोठं वाटतं. शास्त्र उघडायची भीती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. नोकरीचा प्रश्न या ना त्या रीतीनं पंधरा दिवसांत मिटेल. ही भीती मात्र तशीच राहिली, तर इतक्या वर्षांचा तुमचा पहाटेचा नेम तुटेल. म्हणून आधी तिच्याकडे बघू.

ज्या दोन वचनांनी तुम्हाला दोन बाजूंना ओढलं, ती दोन्ही त्यांच्या जागी जाऊन वाचू या.

यहोशवाला ते शब्द ऐकायला मिळाले तेव्हा मोशे वारला होता आणि यार्देन ओलांडून लोकांना पलीकडे न्यायचं काम त्याच्यावर येऊन पडलं होतं. जायचं कुठे, हे त्याला त्याच अध्यायाच्या दुसऱ्या वचनात सांगून झालेलं आहे. नववं वचन ‘जाऊ का?’ या प्रश्नाचं उत्तर देतच नाही. घाबरलेल्या माणसाला ते सोबतीचा शब्द देतं. तुम्ही मस्कतला गेलात तर तो तुमच्यासाठी आहे, नाशिकरोडलाच राहिलात तरी तेवढाच आहे. आणि त्याच्या आधीचं, तुमच्या कार्डावर नसलेलं आठवं वचनही पाहा. नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन कर, असं त्यात यहोशवाला सांगितलंय. तुम्ही पहाटे उठून करू पाहता ते हेच.

आता रूथ. ‘राहाल तिथे राहीन’ हे शब्द तुम्हाला ‘घर सोडू नकोस’ असे ऐकू आले. पण ते बोलणारी बाई त्या घडीला स्वतःचा देश सोडून निघाली होती. मवाब तिचं माहेर, तिचं गाव, तिची भाषा. ते मागे टाकून ती एका परक्या मुलखाच्या रस्त्यावर उभी आहे. म्हणजे ज्या वचनानं तुम्हाला उंबऱ्याच्या आत थांबवलं, ते एका स्थलांतर करणाऱ्या स्त्रीचं वचन आहे. यावरून ‘मग मस्कतला जा असाच अर्थ झाला’ असंही कृपा करून म्हणू नका. तसं म्हटलं तर आपण पुन्हा तिथेच आलो. रूथच्या बोलण्यात सासूवरची, नामीवरची निष्ठा आहे. ती निष्ठा जवळ राहून पाळायची की दुरून पैसे पाठवून, हा हिशेब त्या एका ओळीत मांडलेला नाही.

तुम्ही १४ वर्षं, १५ वर्षं, जी काही असतील ती, वॉर्डात काढली आहेत. पेशंटच्या केस पेपरमधली मधलीच एक ओळ वाचून तुम्ही कधी इंजेक्शन भराल का? आधीची हिस्टरी, कालचे रिपोर्ट, डॉक्टरांनी मागच्या पानावर काय लिहिलंय, सगळं पाहाल. देवाच्या वचनाला आपण निदान तेवढा मान द्यावा.

हे मी कडक शब्दांत लिहिते आहे, कारण शास्त्रातच याचं उदाहरण आहे. अरण्यात येशूची परीक्षा झाली तेव्हा सैतानानं त्याला मंदिराच्या शिखरावर उभं केलं आणि एक्याण्णवाव्या स्तोत्रातलं वचन म्हणून दाखवलं. देवदूत तुला हातांवर झेलतील, मग टाक उडी. वचन खरं होतं, शब्द बरोबर होते. तरी येशूनं उडी टाकली नाही. ‘असंही लिहिलंय’ म्हणून त्यानं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं दुसरं वचन पुढे ठेवलं, की आपल्या देवाची परीक्षा पाहू नकोस. वचन समोर आलं म्हणजे हुकूम आला, असं त्यानंही धरलं नाही.

यावर कोणी प्राचीन चर्चमधल्या संत ऑगस्टीनचं नाव घेईल, आणि ते घ्यायलाही हवं. सन ३८६ मध्ये मिलानच्या एका बागेत त्यानं पौलाचं पत्र उघडलं, जिथे नजर पडली तेवढंच वाचलं आणि त्याचं आयुष्य पालटलं. पण त्याआधीची कितीतरी वर्षं त्याची आई मोनिका त्याच्यासाठी रडून प्रार्थना करत होती, बिशप अँब्रोजची प्रवचनं तो ऐकत होता, पौलाची पत्रं वाचत होता. त्या दिवशी जे वाचलं त्यानं त्याला नवी माहितीही काही दिली नाही. विषयवासना सोडून ख्रिस्ताला परिधान करा, एवढंच त्यात होतं, आणि ते आपण करायला हवं हे त्याला केव्हाचं ठाऊक होतं. हाच ऑगस्टीन पुढे बिशप झाल्यावर एका पत्रात लिहितो की शुभवर्तमानाची पानं उघडून संसारातल्या कामांसाठी कौल लावण्याची लोकांची रीत त्याला आवडत नाही. भुताखेतांकडे जाण्यापेक्षा ते बरं, एवढीच सवलत तो देतो. बागेतला अनुभव ज्याला आला त्याचंच हे म्हणणं आहे, म्हणून मला ते वजनदार वाटतं.

वर्षाचं वचन काढू नये, असं मी म्हणत नाही. ते कार्ड आरशाला लावा, पाकिटात ठेवा, अवघड दिवशी म्हणा. आपल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी त्या एका ओळीच्या आधारानं वर्षंच्या वर्षं काढली आहेत. त्या कार्डावर नोकरीचा निकाल मात्र मागू नका.

तुमच्या पत्राखाली आणखी एक समजूत दडलेली दिसते. देवानं ‘जा’ किंवा ‘राहा’ यातलं एकच उत्तर बरोबर म्हणून ठरवून ठेवलंय, ते लपवलंय, आणि तुम्हाला सापडलं नाही तर तो रागावेल. असा देव मला शुभवर्तमानात दिसत नाही. याकोबाच्या पत्रात लिहिलंय की कोणाला शहाणपण कमी पडत असेल तर त्यानं देवाकडे मागावं, तो दोष न लावता सढळ हातानं देतो. देण्याचं कबूल केलंय ते शहाणपण. पुढचं ठरवायचं काम तो आपल्या हातात ठेवतो, जसे शहाणे आईबाप मोठ्या झालेल्या लेकरांच्या हातात ठेवतात. तुम्ही गेलात तर पाप नाही, राहिलात तर पाप नाही. दोन्ही वाटांवर प्रेमानं चालता येतं आणि दोन्ही वाटांवर स्वार्थानंही चालता येतं. रोजच्या वाचनातून देवाला तुमच्यात काही घडवायचं असेल तर ते याबाबतीत असेल, असं मला मनापासून वाटतं.

रूथचं पुस्तक पुन्हा काढा. चारच अध्याय आहेत. त्या चारही अध्यायांत देव स्वतः एक वाक्यही बोलत नाही. स्वप्न नाही, दूत नाही, आकाशवाणी नाही. दुष्काळ पडतो म्हणून बेथलेहेमचं एक कुटुंब भाकरीसाठी मवाबात जातं, दहाएक वर्षं राहतं, आणि ते गेलं ते बरोबर की चूक यावर पुस्तक निकाल देत नाही. नामीची दुसरी सून अर्पा माहेरी परत जाते, तिलाही कोणी नावं ठेवत नाही. रूथ सरवा वेचायला निघते ते घरात दाणा नाही म्हणून, आणि योगायोगानं बवाजाच्या, म्हणजे पुढे तिचा नवरा होणाऱ्या माणसाच्या, शेतात पोचते. शेवटी कळतं की या साध्या, पोटासाठी आणि मायेपोटी उचललेल्या पावलांतून दावीद राजाचं घराणं उभं राहिलं. तुमच्या मंडळातल्या त्या बाईंना हे पुस्तक प्रेमानं वाचून दाखवा. आवाज ऐकू आला नाही म्हणजे आड काहीतरी आहे, हा नियम रूथला लावला असता तर ती मवाबातच बसून राहिली असती. त्यांचं बोलणं मनाला लावून घेऊ नका.

यजमानांबद्दल थोडं स्पष्ट लिहिते. “देव तुला सांगेल तसं करू” हे बोलणं ऐकायला भक्तीचं आहे, पण त्यात सगळं ओझं तुमच्या एकटीच्या डोक्यावर येतं. उद्या काही बिघडलं तर ‘तुला चुकीचं ऐकू आलं’ एवढंच उरेल. प्रेषितांची कृत्ये, अध्याय पंधरा काढून दोघं मिळून वाचा. यरुशलेमेत मंडळीपुढे, म्हणजे चर्चपुढे, मोठा पेच होता. तिथे बराच वादविवाद झाला, पेत्र बोलला, पौल आणि बर्णबा बोलले, याकोबानं शास्त्राचा आधार दिला, आणि मग त्यांनी पत्रात लिहिलं की पवित्र आत्म्याला व आम्हाला असं योग्य वाटलं. चर्चा करून ठरवलं म्हणून आत्म्याचा हात त्यात कमी झाला, असं त्यांना वाटलं नाही.

आणि सासूबाई यजमानांच्या आई आहेत. आईबापांसाठी करायचं ते देवाला वाहिलं असं म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूनं फटकारलं, मार्काच्या सातव्या अध्यायात. तो प्रश्न तिथे लेकांना आहे. तुम्ही गेलात तर ‘आजारी सासूला टाकून गेली’ असं म्हणणारे भेटतीलच. त्यांच्यापैकी किती जण मुलाला विचारतात की रात्रपाळीच्या आठवड्यात आईची अंघोळ कोण घालणार आहे? यजमानांनीच हे स्वतःला आत्ता विचारायला हवं.

नवराबायकोला एकाच दिवशी एकच उत्तर मिळावं, हा हट्टही सोडा. आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक आठवा. नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका सहप्रवाशानं नवा करार दिला तो १८९३ मध्ये. डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना धरून ठेवलं, पण बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये. लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली वर्षं दोघांना फार जड गेली. तरी लक्ष्मीबाई नवऱ्याच्या मागून फरफटत गेल्या नाहीत, स्वतःच्या पायांनी आल्या. तुमचा प्रश्न त्या मानानं लहान आहे आणि मुदत पंधरा दिवसांची आहे, हे खरं. तरी एकानं ऐकायचं आणि दुसऱ्यानं मान हलवायची, याला एकमत म्हणता येत नाही.

आता या पंधरा दिवसांत काय करायचं ते सांगते. लग्न, शिक्षण, जमिनीची विक्री असा कुठलाही पेच समोर असलेल्या इतर वाचकांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

निर्णय होईपर्यंत शास्त्र मधूनच उघडणं पूर्ण बंद करा. ग्रुपवरची वचनंही तेवढे दिवस सकाळी पाहू नका, दुपारी पाहिली तरी देव रागावत नाही. चार दिवस रूथ वाचा, रोज एक अध्याय, मोठ्यानं. मग चार दिवस फिलिप्पैकरांस पत्र, तेही चारच अध्यायांचं आहे आणि तुरुंगातून लिहिलेलं आहे. वाचताना ‘यात माझ्यासाठी काय आहे’ हे शेवटी विचारा. आधी विचारा, हे कोण कोणाला म्हणतंय, त्यांच्यावर काय वेळ आली होती, देव कसा आहे असं यातून दिसतं. मग एक वाक्य मनात धरा आणि ते दिवसभर वॉर्डात, गाडीवर, भाकरी थापताना घोळवा. मनन म्हणजे एवढंच. मस्कतचं नाव त्या अर्ध्या तासात निघालंच तर निघू द्या, मुद्दाम काढू नका.

रात्रपाळी करून आल्यावर मात्र वाचायला बसू नका. एलीया संदेष्टा अरण्यात थकून, मरण मागत झुडपाखाली पडला होता. त्याला आधी झोप मिळाली, मग देवदूतानं उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. होरेब डोंगरावर देव मंद वाणीत त्याच्याशी बोलला, तो प्रसंग त्यानंतरचा आहे. बारा तास पायांवर उभं राहिलेल्या बाईनं पहाटे डोळे चोळत देवाचा निकाल शोधू नये. आधी जेवा, झोपा.

हिशेबाची वही वेगळी ठेवा आणि त्यात लाज वाटू देऊ नका. बुरूज बांधणाऱ्यानं आधी बसून खर्च मांडावा, असं खुद्द येशूनंच लूकच्या चौदाव्या अध्यायात म्हटलंय. कर्ज किती उरलंय, दोन वर्षांत किती फिटेल, सासूबाईंसाठी दिवसाची बाई ठेवली तर किती द्यावे लागतील, सुट्टी वर्षातून किती आणि तिकीट कोणाचं, हे सगळं कागदावर येऊ द्या. बोलावणं एजंटमार्फत असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तो नोंदणीकृत आहे का ते पाहा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. जास्त मागत असेल तर तिथेच थांबा. करार लेखी हातात आल्याशिवाय इथला राजीनामा देऊ नका. आणि रुजू व्हायची तारीख पुढे ढकलता येईल का, हे एकदा विचारून पाहा. दोन-तीन महिने मिळाले तर मुलाचं वर्ष मधेच विस्कटणार नाही.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी अशा वेळी उपयोगी पडेल असा एक मार्ग सांगितलाय. तुमची मंडळी कोणतीही असो, तो करून पाहण्यासारखा आहे. कधीही न पाहिलेली एक बाई तुमच्यासमोर बसली आहे, तिची परिस्थिती हुबेहूब तुमच्यासारखी आहे, आणि तिचं भलं व्हावं एवढीच तुमची इच्छा आहे, असं मनात आणा. तिला तुम्ही काय सांगाल? ते लिहून काढा. स्वतःला वाटणारी भीती आणि लोक काय म्हणतील हे त्या कागदावर आपोआप कमी होतं. त्यांचीच आणखी एक सूचना आहे. मन खचलेलं असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये. तुमचं ठरल्यावर चार दिवसांनी एखादं उलटं वचन मोबाईलवर येईलच, तेव्हा हे लक्षात असू द्या.

पाळकसाहेबांकडे किंवा मंडळीतल्या एखाद्या समजूतदार वडीलधाऱ्याकडे दोघं मिळून जा, पण ‘देवाची इच्छा काय ते सांगा’ असं विचारू नका. तुमचा हिशेब आणि तुमचं मन त्यांच्यापुढे ठेवा आणि कुठे काही सुटतंय का ते विचारा.

माझं स्वतःचं मत विचाराल, तर यजमान आईची आणि मुलाची जबाबदारी तोंडानं नव्हे, वेळापत्रकात लिहून घ्यायला तयार असतील तर जाण्यात मला काही गैर दिसत नाही. ते तयार नसतील तर तिप्पट पगारानंही घर सावरणार नाही. मग नाशिकातच थोड्या बऱ्या पगाराचं दुसरं हॉस्पिटल शोधणं आणि कर्जाचा हप्ता बँकेत जाऊन लांबवून घेणं जास्त शहाणपणाचं होईल.

एक राहिलं. एवढ्या लांब पत्रात सासूबाईंचं स्वतःचं म्हणणं कुठेच नाही, मुलाचंही नाही. रूथच्या पहिल्या अध्यायात नामी गप्प बसलेली नाही. ती सुनांना जवळ घेते, त्यांचं चुंबन घेते, तुम्ही माहेरी जा म्हणून आग्रह धरते, स्वतःचं दुःखही बोलून दाखवते. रूथनं ठरवलं ते हे सगळं ऐकून घेतल्यावर. तुमच्या सासूबाईंच्या हातापायांतलं बळ गेलंय, मन शाबूत आहे. रविवारी उपासनेहून आलात की दार लावून घ्या, चहा ठेवा, मुलालाही बसवा आणि दोघांना सरळ विचारा. त्या ‘जा’ म्हणतील की ‘राहा’ हे मी सांगू शकत नाही. त्यांचं पूर्ण ऐकून होईपर्यंत मस्कतला उत्तर कळवू नका.